ठिगळीची पुली

१४ नोव्हेंबर

जावईबापू,

तुमचे पाने आणि निळी पेटी इथेच आहे. पाठवून देऊ की ठेवू, एवढं विचारायला हे पत्र. जागामालकाने वर्षअखेरपर्यंत गॅरेज मोकळं करून मागितलं आहे. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. शटर वर करायला माणूस नाही, तर जागा अडवून काय करायची?

पत्ता शेजारच्या वेल्डरने दिला. तुम्ही आता गोदामात पोती मोजता म्हणे, गाडीच्या बॉनेटला हात लावत नाही. 'वहिनी, त्याच्यासमोर टेम्पो बंद पडला तर पठ्ठ्या रस्ता ओलांडून पलीकडे गेला,' असं त्याने हसत सांगितलं. त्याला सगळंच हसत सांगायची खोड आहे. मला हसू आलं नाही.

ठमीचा पुढचा दात पडला. तो तिने काड्यापेटीत ठेवला आहे, बाबांना दाखवायचा म्हणते. तिची आई कामावर जाते, येते, जेवते, झोपते. तुमचं नाव घरात निघत नाही. मी एकदा मुद्दाम काढलं, तर ती भरल्या ताटावरून उठली.

दवाखान्याच्या जिन्यात ती तुमच्यावर ओरडत होती, 'माझ्या बापाला मारलंस तू,' तेव्हा मी मध्ये पडले नाही. मलाही तसंच वाटत होतं असं तुम्ही धरलं असेल. धरा. इंजिनचं टायमिंग तुम्ही लावलंत, गाडी सुरू करायचं हँडल उस्तादांनी मारलं, ते उलटं फिरून हातातून सुटलं आणि त्यांच्या कानशिलात बसलं. यात मी कुठला शब्द बदलू? चौकशीला आलेल्या पोलीस साहेबाने कागदावर अपघात असं लिहिलं आणि सही करून गेला. त्याच्या दृष्टीने ते संपलं.

जानेवारीत ती वकिलाकडे जाणार आहे. तारीखही घेऊन आली. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, कागद येऊन कळू नये, म्हणून लिहिते.

पेटीचं कळवा.

— सासूबाई


२ डिसेंबर

जावईबापू,

उत्तर आलं नाही, ठमीचा फ्रॉक आला. मापाला मोठा आहे. तुम्ही तिला शेवटची पाहिलीत तेवढीच ती डोळ्यांसमोर असणार, तरी मोठा घेतलात ते बरं केलंत, मुलं वाढतात. तिच्या आईने तो कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. फेकला नाही.

काल भंगारवाला ठिगळी बघायला आला होता. ती कुठल्या भावाने न्यायची हे त्यालाच ठरवता येईना. 'आजी, हिला गाडी म्हणू की भंगार?' मी म्हटलं, 'तू काय म्हणशील त्याने तिला फरक पडत नाही, सावकाश ठरव.' नाहीतरी ती होतीच तशी. ब्लॉक एका गाडीचा, हेड दुसरीचं, डिस्ट्रिब्युटर तिसऱ्याच कुठल्या गाडीचा. उस्ताद म्हणायचे, हिच्या माहेरची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत पण नांदतात. तिचं ठिगळी हे नाव तुम्हीच पाडलंत, तुम्ही गॅरेजात कामाला नवीन आलात त्या साली. तेव्हा मी तुम्हाला 'अरे' म्हणायची, पुढे 'अहो' म्हणावं लागलं. उस्तादांनी मात्र शेवटपर्यंत बदललं नाही.

भंगारवाल्याला मी थांबवलं. का ते सांगते.

उस्तादांना अक्षर लागत नव्हतं, हे गॅरेजात तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ते जुनं मेकॅनिकीचं पुस्तक घेऊन मी ऑइलच्या उलट्या ड्रमवर बसायची आणि ते गाडीखालून म्हणायचे, 'पुन्हा वाच. सावकाश.' माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचायला मी रद्दीवाल्याच्या दुकानात शिकले, कथा, पोथ्या, कायद्याची पुस्तकं, हाताला येईल ते. पण सगळ्यात जास्त वेळा मी ते पुस्तक वाचलं असेल. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं बरंचसं त्यातलंच. लोकांना हे सांगितलं तर हसतील, म्हणून कधी सांगितलं नाही.

टायमिंगचं पान मला तोंडपाठ आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या जराशी आधी ठिणगी पडली पाहिजे. फार आधी पडली तर वर चढणाऱ्या पिस्टनला खाली ढकलते आणि इंजिन उलटं फिरतं. पिस्टन तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिनच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या पुलीवर खाच असते आणि कव्हरवर काटा असतो. खाच काट्यासमोर आली की पिस्टन जागेवर आला असं समजायचं. तुम्ही त्या दिवशी खाच काट्यासमोर आणलीत, दिवा लावून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि नट आवळलात. मी दारात उभी होते. पुस्तकाबाहेर तुम्ही काही केलं नाहीत.

काल बॉनेट उघडलं. सगळं इंजिन काळं आहे, पुली हिरवी आहे.

ही हिरवी पुली मी कधी पाहिली नव्हती. मागच्या डब्यातला भंगार माल उपसला तर ठिगळीची काळी पुली मिळाली, कडेला चीर गेलेली. म्हणजे ती फुटली आणि उस्तादांनी दुसऱ्या इंजिनची बसवली. दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्ही दांड्यावर बसतात. पण हिरवीचं माप कागदावर उतरवून काळीवर ठेवलं, दांड्यावर बसायची खोबण खोबणीवर आणली, तर एकीची खाच इथे आणि दुसरीची तीन बोटं लांब.

मी काळी पुली मांडीवर घेऊन ड्रमवर बसले.

जावईबापू, पुली बदलल्याचं त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं ना? ते कुठे काय सांगायचे. स्वतःच्या छातीत कळ आली तरी संध्याकाळी सांगायचे. एका ओळीत कळवा. एवढ्या एका ओळीवर बरंच काही आहे, मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

— सासूबाई


११ डिसेंबर

जावईबापू,

तुमची ओळ आली नाही. तुम्हाला उस्तादांना दोष द्यायचा नसेल म्हणून गप्प असाल असं मी धरलं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण नुसत्या दोन पुल्या दाखवून ती ऐकणारी नाही, उस्तादांची मुलगी आहे ती. म्हणून मी म्हटलं, करूनच बघावं.

वेल्डरला बोलावलं. चारही प्लग काढायला लावले. प्लग काढले की दाब राहत नाही, हँडल उलटं येऊ शकत नाही, हे मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्याने हात लावला. मी पहिल्या प्लगच्या भोकातून विणकामाची लांब सुई सोडली, पिस्टनच्या डोक्यावर टेकवली.

'वहिनी, स्वेटर कुणाचा घातलाय, इंजिनाचा?'

'तुम्ही हँडल फिरवा, तोंड नका फिरवू.'

'फिरवतो. उस्ताद असते तर मला या गाडीला टेकू दिलं नसतं.'

'ते नाहीत म्हणून तर तुम्ही आहात.'

त्याने मान खाली घालून हँडल फिरवलं. मला तसं बोलायचं नव्हतं.

वरच्या टोकाला पिस्टन जरा वेळ थांबल्यासारखा असतो, नेमकं टोक सुईवरून कळत नाही. त्यावर पुस्तकात युक्ती दिली आहे. चढताना सुई ठरावीक उंचीला आली की पुलीवर एक रेघ मारायची, मग टोक ओलांडून उतरताना त्याच उंचीला आली की दुसरी. दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध खरं टोक. मी ठमीच्या खडूने रेघा मारल्या. मधोमध पांढरा ठिपका दिला. हिरव्या पुलीची खाच काट्यासमोर आणली तेव्हा माझा ठिपका अजून कितीतरी मागे होता. सुई अजून वर चढायची होती. खाच म्हणत होती पोचलो, आणि पिस्टन अर्ध्या वाटेत.

वेल्डर बघत राहिला. म्हणाला, 'आयला. बिचाऱ्या पोराची काय चूक यात?' हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, जावईबापू. वेल्डरच्या तोंडून का होईना.

मग आम्ही माझ्या ठिपक्याच्या जरा आधी इंजिन आणलं. त्याने त्याची बॅटरी जोडली. दिव्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरला, एक बॉडीला. मी डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवत गेले, आतले पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगीची वेळ झाली, तसा दिवा लागला, तिथे थांबले, त्याने नट आवळला. इतकी वर्षं मी हे नुसतं वाचत होते. हाताला तेल लागलं की पान खराब होतं, म्हणून उस्ताद मला कशाला हात लावू द्यायचे नाहीत.

प्लग बसवले. वेल्डर हँडल धरून उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'वहिनी, लेकरं आहेत मला.' मी म्हटलं, बाजूला व्हा. तेव्हा त्याला लाज वाटली असावी. अंगठा मुठीबाहेर ठेवून त्याने वर खेचलं. झटका नाही, काही नाही. ठिगळी सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

तो टाळ्या वाजवत होता. मी बंद करा म्हटलं. तो म्हणाला, अहो जरा तापू दे. मी पुन्हा म्हटलं, बंद करा. त्या दिवशी हीच अशी चालली असती तर ते आत येऊन चहा मागणार होते. ठिगळी विकत न्यायला आलेलं गिऱ्हाईक बाहेर उभं होतं, मी आत जाऊन कपांची जुळणी करत होते. पुन्हा दारात आले आणि पुढचं पाहिलं. मला तो आवाज ऐकवेना.

आता रविवारी मी तिला सांगणार आहे.

— सासूबाई


२१ डिसेंबर

जावईबापू,

सांगितलं. गॅरेजात नेऊन दाखवलं, दोन्ही पुल्या, सुई, ठिपका. ती पाठीमागे हात बांधून ऐकत होती, लहानपणी उस्ताद रागावले की उभी राहायची तशी. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं,

'बाबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं?'

'नसावं.'

'आई, नसावं की नाही?'

तुमची ओळ माझ्याकडे नव्हती. मी 'नाही' म्हटलं.

ती म्हणाली, 'मला शंभरदा सांगायचे, घेतलेली वस्तू कुठून घेतली, कुठे ठेवली, पुढच्याला कळलं पाहिजे. आणि स्वतः? एक वाक्य बोलायला काय जड झालं होतं?' मग तिने ती चीर गेलेली काळी पुली उचलून भिंतीवर मारली. मी तिला आवरलं नाही. तिने मनगटावरचं त्यांचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. ते गेल्यापासून झोपतानाही काढत नव्हती.

मला वाटलं होतं, तुमच्यावरचा राग निघून जाईल आणि जागा मोकळी होईल. राग कुठे जात नाही, तो घर बदलतो. आता ती फोटोसमोरून जाताना मान फिरवते. मी तिला बोलत नाही, कारण मलाही रात्रंदिवस तेच वाटतं. एका नवऱ्याला मी सगळं आयुष्य वाचून दाखवलं, आणि त्याला एक वाक्य बोलता आलं नाही.

असो. वकिलाची तारीख तिने रद्द केली. ठमीचा फ्रॉक फळीवरून काढून घडी घालून बॅगेत ठेवला आहे. पुढच्या शनिवारच्या सकाळच्या गाडीने दोघी तुमच्याकडे निघतात. तुम्हाला तिने कळवलं नाही, मी कळवावं असं तिला वाटतं असं मला वाटतं. ती काही बोलली नाही तर तुम्ही बोला. तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसलात तर ठमी म्हातारी होईल.

ठिगळी वेल्डरचा मेहुणा नेतो आहे. चालवत नेईल. हिरवी पुली तशीच आहे, माझ्या खडूच्या ठिपक्यावर वेल्डरने पक्का रंग दिला आणि जुनी खाच भरून टाकली.

तुमची पेटी दोघींबरोबर पाठवते.

— सासूबाई


२५ डिसेंबर

जावईबापू,

दुपारी तुम्ही फोनवर बोलत होतात आणि मध्येच आवाज बंद झाला. लाइन तुटली असं तुम्हाला वाटलं असेल. तुटली नाही. मी फोन खाली ठेवला.

तुम्ही जे सांगितलंत ते मी नीट ऐकलं. उस्तादांनी तुम्हाला सांगितलं होतं. त्याच सकाळी, तुम्ही दुसऱ्या गाडीचं चाक काढत होतात तेव्हा. 'पुली दुसऱ्या इंजिनची बसवलीय, खुणेवर जाऊ नकोस, प्लग काढून पिस्टन बघ.' आणि तुम्ही 'हो उस्ताद' म्हणालात. मी विचारलं, विसरलात का? मला वाटलं निदान हे तरी हो म्हणाल. तुम्ही म्हणालात, 'विसरलो नाही, सासूबाई. गिऱ्हाईक उभं होतं, प्लग काढायचा कंटाळा आला. म्हटलं, असा कितीसा फरक पडणार.'

ती खोट्यावर विसंबून तुमच्याकडे येते आहे हे तुम्हाला सहन होईना, म्हणून बोललात. हे मी समजू शकते. पण पुलीचं मी विचारलं त्या आठवड्यात ही ओळ आली असती तर मी सुई घेऊन गॅरेजात गेले नसते. तुमच्यासाठी मी माझ्या माणसाला माझ्या मुलीसमोर खोटं पाडलं. ते बोलले होते. एक वाक्य बोलायचं होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

फोन ठेवला आणि वळले तर ती मागे उभी. हातात ठमीचे वाळलेले कपडे.

'कुणाचा होता?'

मला विचार करायला तेवढाच वेळ मिळाला जेवढा तिला मोजा उलटा करायला लागतो. खरं सांगितलं तर उस्ताद भिंतीवर ताठ होतील, तिचं घड्याळ परत मनगटावर चढेल, आणि बॅग रिकामी होईल. ती पुन्हा ताटावरून उठेल, या वेळी कायमची. नाही सांगितलं तर ती शनिवारी जाईल आणि बापाला जन्मभर हट्टी, निष्काळजी म्हणेल.

'त्याचाच,' मी म्हटलं. 'स्टेशनवर घ्यायला येतो म्हणाला.'

ती म्हणाली, 'बरं,' आणि कपडे घडी करायला बसली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, 'आई, गारठा आहे का गं तिकडे?' बाप गेल्यापासून तिने पुढचं असं काही पहिल्यांदा विचारलं.

हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही, हे लक्षात ठेवा. उस्तादांना आता कुणाचं बोलणं लागत नाही. ठमीला बाप लागतो. एवढाच हिशोब आहे, आणि तो मला पटलेला नाही, फक्त केला आहे. संध्याकाळी फोटोसमोर दिवा लावते तेव्हा मी त्यांच्याशी दिवसभराचं बोलते. आज लावला आणि तशीच आत आले.

तुम्ही तिला हे सांगायचं नाही. मन हलकं करायला नाही, भांडणात नाही, म्हातारपणी नाही. तुम्हाला सांगून मोकळं व्हायचं होतं, ते तुम्ही माझ्याजवळ झालात. ती मोकळीक पुन्हा मिळणार नाही. मलाही यापुढे काही लिहू नका, तुमचं अक्षर तिच्या हाती पडायला नको. ठमीने काढलेलं चित्र असलं तर तेवढं पाठवा.

आणि एक गोष्ट. ठमी मोठी होईल. कधीतरी जेवताना विचारेल, आजोबा कसे गेले. तुमची बायको सांगेल, त्यांनी गाडीत बदल केला आणि कुणाला सांगितलं नाही, स्वतःच्याच चुकीने गेले. ती प्रत्येक वेळी असंच सांगेल, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, पुढे नातवंडांना. त्या वेळी तुम्ही पाणी आणायला उठायचं नाही, बाहेर जायचं नाही, विषय बदलायचा नाही. ताटावर बसून राहायचं आणि शेवटपर्यंत ऐकायचं.

शनिवारी गाडी दुपारी पोचते. लवकर जाऊन थांबा. ठमीला गर्दीत भीती वाटते.

— सासूबाई